भिडेखातर मिटलेले डोळे

पहिला झटका आला तेव्हा मी शिळफाट्यावर भेंडी निवडत होते. टोक मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर कोवळी, एवढंच काम. अचानक हात बधिर झाले, छाती आवळली, श्वास घशाखाली उतरेना. आपण इथं भाजीच्या पाट्यांमध्ये मरणार, याची मला पक्की खात्री पटली. भाजीवालीने पोत्यावर बसवून पाणी पाजलं. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला." असं ऐकून लोक पेढे वाटतात. मला रडू कोसळलं. काही नसताना एवढं होतंय, तर औषध कशावर मागायचं?

त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा व्हायला लागलं. एकटीने घरात राहायचं म्हटलं की तळव्यांना घाम. नवरा माथेरानला एका हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळतो, आठवड्यातून एकदा खाली येतो. त्यामुळे सगळा भार लेकीवर. बारावी झालेली पोर न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहायची आणि मी आतून विचारायचे, "आहेस ना गं?" ती म्हणायची, "आहे गं, आहे." तिला परिचारिका व्हायचं होतं. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला, वसतिगृहही मिळालं. बापाला फोनवर ती म्हणाली, "आई बरी झाली तर जाईन, नायतर इथंच बघते काहीतरी." दूध आणायला जाते म्हणावं, अशा सुरात म्हणाली. मी पलीकडे कणीक मळत होते. पुढचा अर्धा तास तेवढीच मळत राहिले.

झटके थांबेनात तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सोबत कर्जतच्या एका संमोहन उपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. शेजारीण म्हणाली, "झोपवून पोटातलं सगळं काढून घेतात हां. जपून बोल गं बाय." माझ्या पोटात काढून घेण्यासारखं काही नव्हतंच, भीतीशिवाय. ती नेली असती तर मी खणानारळाने ओटी भरली असती.

पहिल्या खेपेला एसटीतून वाटेत पळसदरीलाच उतरले, जीव घाबरला म्हणून. लेक माझ्या मागून उतरली. दुसऱ्या खेपेला पोचलो.

बाई पन्नाशीच्या, साध्या, घसा बसलेला. "संमोहन म्हणजे झोप नाही, जादू तर नाहीच," त्यांनी आधीच सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला शांत वाटतं अशी एखादी जागा सांगा." मी म्हणाले समुद्र. असंच सांगायचं असतं असं वाटलं. खरं तर समुद्राने मला गरगरतं. अलिबागला पायाखालची वाळू सरकली तेव्हा मी नवऱ्याचा शर्ट फाडला होता. बाईंनी मला वीस मिनिटं त्याच किनाऱ्यावर चालवलं. मग म्हणाल्या, "आता तुमचा उजवा हात हलका होतोय. आपोआप वर येईल." हात काही येईना. वर पंखा करकरत होता. बाई खोकल्या, पाणी प्यायल्या आणि त्याच बसलेल्या घशाने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. मला त्यांची दया आली. कुणी हौसेने चहा केला आणि साखर घालायला विसरलं, तरी आपण छान झालाय म्हणतोच ना? मी हात उचलला.

"छान! फारच छान!" बाईंचा आवाज असा फुलला की मी तिथेच अडकले. पुढे प्रत्येक शनिवारी हात वर. सरावाने मी तो हळूहळू, थोडा थरथरत उचलायला शिकले. लेक कोपऱ्यात स्टुलावर बसलेली असायची. परतताना विचारायची, "बरं वाटलं?" मी म्हणायचे, "खूप."

घरी झटका आला की मी मिक्सर लावायचे. नळ सोडून टॉवेल दातात धरायचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, म्हणतात. बरं असल्याचं सोंगही येतं, पण माणूस पार पिळून निघतं. आता यात बाईंची भीड उरली नव्हती, पोरीचं पुणं होतं. आणि तरी रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. सांगितलं की ती राहील. ती राहावी असं मला वाटत होतं, याची इतकी लाज वाटायची की मी आरशात बघून कुंकूसुद्धा लावत नव्हते.

सहा शनिवार झाले. लेकीने प्रवेश पक्का केला. निघायच्या आदल्या दुपारी ती बॅग भरत होती, मी घड्या करून देत होते. तिच्या टॉवेलची घडी घालता घालता छाती आवळली. मी कपाटाला टेकून खाली बसले, डोळे मिटले, उजवा हात वर केला. "बाईंनी शिकवलंय ते करतेय. दोन मिनिटांत जातं."

ती शेजारी येऊन बसली. "आई, हात खाली घे."

मी डोळे मिटूनच राहिले.

"मला माहितीये गं. दुसऱ्या शनिवारीच कळलं. खांद्यावरून पदर सरकला तो तू डोळे मिटलेले असतानाच नीट केलास."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने टॉवेल मांडीवर ओढला. "बोलले असते तर मला जाता आलं नसतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तू आत्ता नको जाऊस म्हण. नाही जाणार."

मला तिचा राग आला. खरंच सांगते, हात उगारावासा वाटला. सहा आठवडे मी टॉवेल चावत होते आणि हिला ठाऊक होतं! आणि त्या रागाखाली नको जाऊस हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. मी म्हणाले, "चादर राहिली बघ, वर ठेवलीये."

सकाळी तिची एसटी गेली. मी कशी घरी आले ते आठवत नाही. अकराच्या सुमारास भात लावला आणि झटका आला. मिक्सर लावला नाही, नळ सोडला नाही. कुणासाठी सोडायचा? ओट्याला धरून उभी राहिले आणि कर्जतच्या बाईंना फोन लावला.

"बाई, हात कधीच आपोआप वर आला नाही. मी उचलायचे. समुद्र पण खोटा."

त्या रागावतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त विचारलं, "आत्ता होतंय का?"

"हो."

"घरात कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही," मी म्हणाले.