वरवंटा, लाटणं आणि हिच्या पापण्या

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळात माझ्या बायकोबद्दल एक समज पक्का होता: फोटो काढताना ती डोळे मिटते. हळदीकुंकू असो, गणपतीची आरती असो, फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला की कुणीतरी विचारायचंच, "वहिनी, ध्यानाला बसलात का?"

हा समज मी पसरवला. मुद्दाम नाही, पण पसरवला मीच. तो खोटा आहे हे कळल्यावरही बरेच दिवस तोंड उघडलं नाही. आता वय झालंय. जुने फोटो अजून फिरतात; उद्या मी गेलो तर त्यांच्याबरोबर समज मागे राहील आणि ती डोळे उघडे ठेवून तो ऐकत बसेल. तेव्हा काय झालं ते लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. टेबलावर सुटा भाग यायचा, मी तो मोजायचो आणि पास किंवा नापास म्हणायचो. निवृत्तीनंतर टेबलावर काही येईना, म्हणून कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर छोटा फ्लॅश होता. मंडळात दुसऱ्या कुणाला वेळ नसल्यामुळे मी मंडळाचा फोटोग्राफर झालो आणि त्या दिवसापासून ही प्रत्येक फोटोत झोपलेली दिसू लागली.

"अगं, डोळे उघडे ठेव की," मी म्हणायचो.

"उघडेच असतात. तुमचा दिवा दोनदा चमकतो. पहिल्यांदा चमकला की मिटतात."

"दोनदा कसा चमकेल? एकदाच चमकतो. सगळ्यांना विचार."

तिने विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, एकदाच. मी तिला नापास केलं.

पुढे मंडळाने ठरवलं की ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील त्या जोडप्याचा फोटो हॉलच्या भिंतीवर लावायचा. त्यासाठी चांगले दिवे घ्यायचे. आमची पन्नाशी तोंडावर आली होती. ही म्हणाली, "माझा मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर? मग हारही आत्ताच घालून टाका."

ती फोटोला बसणार नाही म्हणजे नाही. आता हे प्रकरण माझ्या इज्जतीवर आलं. फोटोग्राफर मीच, आणि भिंतीवर माझाच फोटो नाही.

दिव्यांवरून मंडळात दोन पक्ष पडले. कंपन्यांची नावं सांगत नाही, बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. एका कंपनीचा दिवा स्टुडिओतला, जाडजूड, भिंतीच्या प्लगवर चालणारा. दुसरीचा गोल नळकांड्यासारखा, बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा. हिने पाहिल्या पाहिल्या नावं ठेवली, वरवंटा आणि लाटणं. मंडळात तीच रूढ झाली.

वरवंट्याच्या बाजूने आमचे खजिनदार होते. बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. त्यांचा सिद्धांत असा की जड वस्तू माणसाला फसवत नाही. लाटण्याच्या बाजूने आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मूळची नाशिकची. तिने स्वतःसाठी लाटणंच घेतलं होतं.

"काका, वरवंट्याला प्लग लागतो. आपले निम्मे कार्यक्रम बाहेर असतात."

"पोरी, लग्नातली समई पिशवीत घालून नेतेस का?" खजिनदार म्हणाले. या युक्तिवादाचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

शेवटी ठरलं की मी चाचणी घ्यायची. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीतल्या दुकानदाराने दोन्ही दिवे वापरून बघायला दिले. मी हॉलमध्ये खुर्ची मांडली आणि हिला बसवलं. जिचे डोळे सगळ्यात कठीण, तिच्यावरच परीक्षा. कारखान्यातली सवय.

लाटण्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. वरवंट्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत उघडे, शिवाय चेहऱ्यावर अशी झळाळी की खजिनदार म्हणाले, "वहिनी, पंचविशीतल्या दिसताय."

"हा एकदाच चमकला," ही खुर्चीतून म्हणाली. "लाटणं दोनदा चमकतं."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कमिटीला निकाल दिला. लाटण्याचा उजेड आळशी आहे, तो पोचेपर्यंत माणूस डोळे मिटतो. वरवंट्याचा उजेड चपळ. उजेडाला आळशी म्हणणारा मी पहिलाच माणूस असेन. पण तपासणी विभागात जन्म घालवलेल्याला कोण अडवणार? वरवंटा आला. वरची मुलगी एवढंच म्हणाली, "काका, प्रकाश आहे तो. आळस कसा करेल?" मी म्हटलं, अनुभव आला की कळेल.

हिचा फोटो त्याच आठवड्यात काढून घ्यायला हवा होता. पण खजिनदार म्हणाले, नव्या दिव्याचं उद्घाटन चेन्नईजवळच्या कोवलमच्या सहलीत करू, मागे समुद्र, पुढे जोडपं. मला कल्पना आवडली. समुद्राला प्लग नसतो हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

कोवलमला पोचल्यावर ते ध्यानात आलं. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीतून लांबलचक वायर ओढली. टपरीवाल्याने अट घातली की दिवा चालू असेपर्यंत त्याचा फ्रिज बंद राहील, म्हणून सगळ्यांनी आधी थंड पेयं घ्यायची. आम्ही घेतली. मग वरवंट्याच्या तोंडावर उजेड मऊ करायचा मोठा पांढरा कापडी डबा चढवला. खजिनदारांनी स्टँड दोन्ही हातांनी धरला. ही नव्या साडीत समुद्राकडे पाठ करून उभी राहिली.

जाळी विणत बसलेले कोळी आमच्याकडे बघत होते. त्यातला एक तमिळमध्ये दुसऱ्याला म्हणाला, "शीड आणलंय, होडी विसरलेत."

त्याचं म्हणणं संपायच्या आत वारा आला. कापडी डबा फुगला, वरवंटा निघाला आणि त्याला धरून ठेवलेले खजिनदारही निघाले. चारचौघांसारखे चालत नव्हे, शिडाबरोबर, तिरके. त्यांनी दिवा सोडला नाही, हे मान्य केलं पाहिजे. दोघं मिळून मासळीच्या टोपल्यांशेजारी आडवे झाले. खजिनदारांच्या कमरेत चमक भरली. वरवंट्याची आतली काचेची नळी फुटली, ती बाहेरून मागवावी लागते आणि अजून यायची आहे.

"जड वस्तू फसवत नाही ना?" वरच्या मुलीने त्यांना उठवता उठवता विचारलं. खजिनदार म्हणाले, "पडताना तरी प्रामाणिक पडली."

माझी पुन्हा पंचाईत. वरवंटा गेला, पन्नाशी जवळ आली. वरची मुलगी आपलं लाटणं घेऊन घरी आली. फोटो काढला. डोळे मिटलेले. पुन्हा काढला. मिटलेले.

मला कारण माहीत नव्हतं, पण मधल्या काळात ही रोज देवासमोर निरंजनाच्या ज्योतीकडे एकटक बघत बसायची. कुणीतरी सांगितलं होतं की त्याने पापण्या ताब्यात येतात. मला वाटायचं भक्ती वाढलीय. एकदा दूध उतू गेलं, सगळ्या ओट्यावर पसरलं, तरी ही ज्योतीपुढून हलली नाही. एवढं करूनही डोळे मिटले, तेव्हा ती खुर्चीतून उठली.

"पुरे झालं. भिंतीवर तुमचा एकट्याचा लावा. खाली लिहा, पत्नी कामात होती."

ती स्वयंपाकघरात गेली. वरची मुलगी मात्र लाटण्याकडे बघत राहिली. "काकू दोनदा चमकतं म्हणतात ना? बघू तरी." तिने मोबाईल उभा केला, अगदी सावकाश दिसेल असं चित्रण लावलं आणि मला बटण दाबायला सांगितलं.

आम्ही दोघांनी ते चित्रण बघितलं. आधी एक बारकी चमक. मग अंधार. मग मोठी चमक.

मुलीने दिव्याच्या पाठीवरची अक्षरं वाचली आणि तिच्या लक्षात आलं. दिवा ऑटोवर असला की आधी थोडासा उजेड टाकून कॅमेऱ्याला अंदाज देतो, मग खरा उजेड टाकतो. मधलं अंतर इतकं कमी की बहुतेकांना ते जाणवत नाही. ज्यांच्या पापण्या चपळ, त्या पहिल्याच उजेडाला मिटतात आणि दुसरा येतो तेव्हा फोटोत झोप. वरवंट्यात ही भानगडच नव्हती. आणि लाटण्यालाही एक बटण होतं. ते दाबलं की एकदाच चमकतं. चाचणीच्या दिवशी ते मी दाबलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

"दोनदा ना?" आतून आवाज आला. बघायलाही ती आली नाही.

मी आत गेलो. म्हटलं, "अगं, चल, आता नीट येईल फोटो."

ती कोथिंबीर निवडत होती. "आधी मंडळात सांगा. सगळ्यांसमोर. डोळे माझे नाही, तुमचं बटण चुकलं म्हणून. मग बसते."

आणि इथे मी कच खाल्ली. एका सभेला घसा बसला होता, दुसऱ्या सभेला पाऊस होता, तिसऱ्या सभेला मला सांगायचं होतं पण खजिनदार कमरेला पट्टा बांधून आले होते आणि त्यांच्याकडे बघून हिंमत झाली नाही. पन्नाशीचा दिवस येऊन गेला. दुसऱ्या एका जोडप्याचा फोटो भिंतीवर चढला. आमच्या जागेवर खिळा तेवढा होता. ही त्या खिळ्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. पापणी न लवता.

शेवटी एका सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

खजिनदार म्हणाले, "म्हणजे वरवंटा उगाच घेतला?"

"हो."

"आणि कोवलमला उगाच नेला?"

"हो."

त्यांनी पट्टा सारखा केला. "वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ही मागच्या रांगेतून म्हणाली.

"मग निरीक्षकसाहेब, तपासणी विभागात यांना पाठवायला हवं होतं. तुम्ही घरी डबा भरायचा."

मंडळी हसली, आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी तिथेच लाटण्याने फोटो काढला. वरच्या मुलीने बटण दोनदा तपासलं, मग मी तपासलं, मग खजिनदारांनी. दिवा एकदाच चमकला.

हिचे डोळे उघडे आले. फार उघडे. ज्योतीकडे बघायची इतक्या दिवसांची साधना त्यात एकवटली आहे. पांढरं बुबुळाच्या सगळ्या बाजूंनी दिसतं आणि शेजारी मी पकडून आणल्यासारखा बसलोय. मुलाने पुण्याहून विचारलं, "आई कुणाला रागावतेय?" मी दुसरा काढू म्हटलं. ती म्हणाली, "हाच लावा."

तो आता त्या खिळ्यावर आहे. कमिटीची सभा त्याच्यासमोरच भरते. वरवंट्याच्या नळीचा विषय निघाला की खजिनदार आपली खुर्ची उचलतात आणि भिंतीकडे पाठ करून बसतात.