विभूती आणि फुगलेले कपॅसिटर

औशात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सगळी भिस्त एका कॉम्प्युटरवर. दसऱ्याला आई दुकानात येते आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे प्रत्येक यंत्राला विभूतीचे तीन पट्टे ओढते. त्या वर्षी कॉम्प्युटरच्या डब्याला जरा जास्तच मायेनं ओढले, कारण तो नवा होता. दुसऱ्या दिवशी तो सुरूच होईना.

डबा घेऊन, जिथून तो घेतला होता त्या लातूरच्या दुकानदाराकडे गेलो. आईला डॉक्टरकडे न्यायचंच होतं, म्हणून तीही सोबत. दुकानदारानं वरचे पट्टे बघितले आणि स्क्रूलाही हात न लावता निकाल देऊन मोकळा झाला.

"राख आत गेली, भाऊ. पॉवर सप्लाय जळला. वॉरंटीत बसत न्हाई आता हे."

आई तिथंच स्टुलावर बसली होती.

घरी येऊन मी पॉवर सप्लाय, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारी पेटी, उघडली. राखेचा कण नव्हता. करंगळीएवढ्या डब्यांसारखे दोन कपॅसिटर मात्र टम्म फुगलेले, दोन्हींच्या डोक्यातून तपकिरी चिकट पाणी ओघळलेलं. वीज सांभाळायचं काम ज्यांचं, तेच इतके फुसके! पेटीवर मोठ्या अक्षरात ताकद छापायची, आत मिळेल तो हलका माल भरायचा, आणि आमच्याकडच्या पत्र्याखालच्या उकाड्यात तो मेला की गिऱ्हाइकाच्या देवाधर्माकडे बोट दाखवायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तसाच पुन्हा लातूरला गेलो. दुकानदार आत बघायलाही तयार नाही.

"सील तुम्ही तोडलं. आता मी काय करू?"

मी भर दुकानात त्याला सुनावलं. म्हटलं, वॉरंटी घाल चुलीत, पण माझ्या आईला फोन करून खरं सांग. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते हसणं आठवलं की अजून डोकं फिरतं.

चांगले कपॅसिटर आणून मीच बसवले. कॉम्प्युटर सुरू झाला. फुगलेले दोन्ही आईच्या हातावर ठेवून तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ते उलटेपालटे करून बघितले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगायलास तू," ती म्हणाली. "त्याचा धंदाच हाय तो. त्याला कळत न्हाई व्हय?"

यंदाच्या दसऱ्याला तिनं छपाईच्या मशीनला, कागद कापायच्या कटरला, माझ्या गाडीला पट्टे ओढले. कॉम्प्युटरपुढं आल्यावर बोटं पदराला पुसली आणि लांबूनच हात जोडले.