सातवा मुलगा आणि पाण्यातला गणपती

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या आमच्या घरात शनिवारी कणीक मळायची वेळ आणि जपानी पोरांची परीक्षा एकच. तिथे रात्र असायची, इथे दुपारचे बारा. इंटरनेटवरच्या त्या जपानी कार्यक्रमात साठेक पोरांतून सात निवडून त्यांचा गाण्या-नाचाचा बँड काढणार होते, आणि माझी तेरा वर्षांची लेक त्यापायी तहानभूक विसरली होती.

तेव्हा ती माझ्याशी बोलतच नव्हती म्हणा ना. शाळा कशी होती? "फाइन." डबा? "फाइन." पुण्याहून आणलेली माझी बडबडी पोर गेली कुठे, या विचाराने जीव कासावीस व्हायचा. एका शनिवारी ती लॅपटॉप घेऊन किचनमध्ये आली, कारण वायफाय तिथेच बरं चालायचं. माझे हात कणकेत, चष्मा फ्रिजवर. "काय म्हणतोय गं तो?" मी सहज विचारलं. तिने खालची इंग्रजी सबटायटल्स वाचून मराठीत सांगितलं, "तो म्हणतोय, टीम हरला तर माझी फॉल्ट." तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून मी चष्मा मुद्दाम काढून ठेवायला लागले.

तो म्हणजे एका कोळ्याचा मुलगा. आवाज गोड, पण नाचताना हात एकीकडे, पाय भलतीकडे. "ध्यान आहे नुसतं!" मी म्हणायचे. लेक चिडायची, आणि चिडून का होईना, पाच मिनिटं सलग मराठीत भांडायची. हळूहळू मलाही त्याचा लळा लागला. परीक्षक त्याला बोलले की माझी पोळी करपायची.

शेवटच्या भागाच्या सकाळी मी काचेच्या बाऊलमध्ये पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती त्यात ठेवला. आमच्याकडे अडलेलं काम होईपर्यंत देव पाण्यात ठेवतात. माझ्या आईने माझ्या बारावीला ठेवला होता. जपानी पोराच्या नाचासाठी आजवर कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

"गॉडला पनिशमेंट?" लेक म्हणाली.

"पनिशमेंट कसली? त्याला आपल्या कामाची आठवण राहावी म्हणून."

सातवं, शेवटचं नाव त्याचं निघालं. आम्ही दोघी किचनभर नाचलो, त्याच्याइतक्याच वाईट. त्या गडबडीत गणपती पाण्यातच राहिला. सोमवारी नवरा म्हणाला, "अगं, बाहेर काढ त्याला, सर्दी होईल."

मग त्यांचं पहिलं गाणं आलं. त्यात त्याच्या वाट्याला एकच ओळ. माझं डोकंच फिरलं. एवढी ढोरमेहनत करून एक ओळ? दुसऱ्या गाण्यात दोन आल्या, त्या दिवशी मी शिरा केला. बँडमधल्या प्रत्येकाला ओळखीचा एकेक रंग मिळाला. त्याचा पिवळा, अगदी हळदीसारखा. कुठल्याशा कार्यक्रमात त्याने भात करपवला तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो. किती छान होते ते शनिवार!

पुढे लेक युनिव्हर्सिटीला लीड्सला गेली. मी चष्मा लावून एकटीने दोन-तीन भाग पाहिले. सगळं वाचता आलं, पण मजा नाही आली.

मध्यंतरी बँड पहिल्यांदा लंडनला येणार असं कळलं. लेक मला नेईल का, एवढाच विचार डोक्यात. विचारायची लाज वाटली, म्हणून गणपतीला पुन्हा पाण्यात ठेवला. तिचा फोन आला. "आई, मी फ्लॅटमेटबरोबर जातेय. तुला गर्दी नाही आवडत ना?"

"छे, मला कुठे जमतंय!" मी म्हटलं आणि फोन ठेवून रडले. गणपतीला रागाने तसाच ठेवला पाण्यात.

कार्यक्रमाच्या रविवारी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. फोनमध्ये नुसता आरडाओरडा, आणि प्रेक्षकांच्या हातात हजारो पिवळे दिवे. तो एकटाच स्टेजवर, माइक धरून जपानीत काहीतरी बोलत होता. त्याच्यामागे मोठ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटत होती. मला स्वच्छ दिसत होती. एवढ्यात लेकीचा चेहरा मध्ये आला, घामेजलेला.

"आई, चष्मा आहे का? वाचू?"

मी चष्मा काढून फ्रिजवर ठेवला.

"वाच गं," म्हटलं, "मला काही दिसत नाहीये."

"तो म्हणतोय, इथे खूप थंडी आहे..." तिने सुरुवात केली. ती ओरडून ओरडून वाचत राहिली. मी एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने गणपतीला पाण्यातून बाहेर काढलं.