गळ्याखालची जागा

आमच्या गल्लीमागे शेवंताबाईंचा गोठा आहे. सकाळी दूध आणायला गेलो की त्यांची तांबडी गाय मान लांबवून गळा माझ्यापुढे धरते. तिथे तिची जीभ पोचत नाही, शिंगही पोचत नाही. मी खाजवतो, ती डोळे मिटते. आज जरा थांबलो, तर तिने मला डोक्याने ढकललंच.

"आता गुंतलात तुम्ही," तिचीच धार काढत बसलेल्या शेवंताबाई हसल्या. "सोडायची नाय ती."

मी खाजवत राहिलो आणि मला काही कळेनासं झालं. हजारो वर्षांपूर्वी हिच्या कुणा रानटी पणजीने पहिल्यांदा असाच गळा पुढे केला असेल का? शिकाऱ्याला नेमका ठाऊक असलेला गळा! तिला भीती नसेल वाटली? की खाज भीतीहून मोठी असते? आणि तो माणूस? भुकेलाच असणार. मारायला आला आणि खाजवत बसला, की खाजवायच्या निमित्ताने जवळ गेला? एकदा वाटतं, दोघांचं खरंच जमलं असेल. लगेच वाटतं, छे, काहीतरीच. एक हात गळ्याखाली होता हे ठीक. पण त्याचा दुसरा हात कुठे होता?

"झालं हो दूध," शेवंताबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

गाय अजून डोळे मिटूनच होती. तिचा गळा खाजवता खाजवता मी दुसरा हात पुढे केला. त्यात किटली होती.