चर्चमध्ये चढवलेला गजर

चर्चमध्ये नवरी अक्षरशः धावत पुढे गेली, ती माझ्यामुळे. साल २००३.

मी वालावलच्या भजनी मंडळाचा पेटीवाला. मालवणात शाळेत कारकून होतो. आमच्याच शाळेतले निवृत्त मास्तर चर्चची पायपेटी तीसेक वर्षं वाजवत आलेले. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडून चार-पाच चाली उचलल्या होत्या आणि त्या बाकावर माझा कधीचा डोळा होता. मास्तरांचं मनगट मोडलं ते नेमकं मुलीच्या लग्नाआधी.

"माझ्या चेडवाचा लगीन नीट वाजयलंस, तर रविवारची पायपेटी तुझी," मास्तर म्हणाले.

सुरुवात झकास झाली. दोन्ही पायांनी भाता दाबत होतो, सूर संथ, गंभीर. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून मास्तर मुलीला घेऊन निघाले. पण दोन आवर्तनं झाली आणि माझ्या बोटांना भजनाची सवय आठवली. लय जराशी पुढे सरकली. मास्तरांनी चालता चालता प्लास्टरचा हात झोळीतून काढून वर केला.

आमच्याकडे बुवाने हात वर केला की एकच अर्थ: चढव! मी चढवलं. मास्तरांनी हात आणखी उंच केला. मी थेट गजरात. मागच्या बाकावरच्या कोळणींनी टाळ्यांचा ठेका धरला. नवरीने झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलला, मास्तर फरफटत मागे. दोघं वेदीशी पोचली तेव्हा नवरदेव कोटाचं बटण लावत होता. मी घाबरून पाय उचलले आणि पेटी म्हशीसारखी हंबरून गप्प झाली.

लग्न लागल्यावर मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. रविवार गेला, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

"अरे, माझ्या चेडवाक सासरी धाडूची तुका इतकी घाय कित्याक रे?"

"मास्तरांनू, तुमी हात वर केलात..."

"हळू वाजय म्हणान केलंय!" मग स्वतःच खुदकन हसले. "रविवारी ये. मी हात खिशात घालून बसतलंय."

लग्नाला बायकोही आली होती. परतताना गाडीत म्हणाली,

"आपल्या लग्नात तुमी पेटीर नव्हतास, ता बरा झाला. माका इचार करूक येळ तरी गावलो." मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "तरीय तुमच्याकडे इलंय!"