पंखातून आलेले दोन ठोके

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे काय — लग्न होऊन उरणहून बोनकोड्यात आले तेव्हा मी बीएस्सी, त्यामुळे अख्ख्या गावाला अक्कल शिकवायचा मक्ता माझ्याकडेच! सासूबाई गावदेवीला नारळ द्यायला निघाल्या की मी त्यांना ओट्यावर बसवून विज्ञान समजवायची. त्या जांभया देत ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जालं तुजं? आता भात टाक." अशी मी विदुषी. आणि नेमका मलाच हा अनुभव यावा...

माझा मुलगा नितीन महाप्याला एका गाळ्यात स्वतःच्या हातांनी दोन सीटचं विमान बांधत होता. खरंखुरं, आत बसून उडवायचं. सून त्या विमानाला 'माझी सवत' म्हणायची. मी रिटायर्ड आणि हात बारीक, म्हणून नट-बोल्टचे पाने धरायला मी.

त्या दुपारी डाव्या पंखाचं काम होतं. पेट्रोलची टाकी पंखाच्या पुढच्या भागात बसते. तिच्या टोकाचा बोटभर ब्रॅकेट, म्हणजे धातूची पट्टी, विमानाच्या धडाला बोल्टने आवळायचा असतो. हवेत तो तुटला तर टाकी हलणार, नळी उखडणार — आणि आत माझा मुलगा.

मी आत सीटवर, बाजूच्या भोकातून हात घालून बोल्टचं डोकं धरलेलं. नितीन बाहेर पंखाखाली, नट आवळायला. शेजारच्या गाळ्यातल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसमुळे एरवी बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठोक्यांच्या. माझे वडील होड्या बांधायचे, त्यांची ही रीत. फळीला खिळा मारताना एक जण आत, एक बाहेर. दोन ठोके आले की आधी हात थांबवायचा, विचारायचं नंतर.

प्रेसवाले जेवायला गेले होते. सगळं शांत. नितीनने पाना फिरवायला घेतला...

टक्. टक्.

तो थांबला. "काय झालं, आये?"

"मला काय होतंय? तूच ठोकलंस ना?"

"आये, मस्करी नको हां!"

त्याचा संशय रास्त होता. आदल्याच आठवड्यात मी त्याच्या हेडफोनच्या डबीत सुकट ठेवली होती. पण या वेळी खरंच मी नव्हते.

पुन्हा पाना. पुन्हा दोन ठोके — सावकाश, समजावल्यासारखे.

"दोन्ही हात वर कर," तो पंखाखालून बाहेर येत म्हणाला. आवाज बदलला होता. मी केले. त्याने पाना खाली ठेवून टाकीच्या पत्र्यावर पंजा टेकवला. टाकी कोरडी, सील केलेली. आत मुंगीसुद्धा शिरणार नाही. मी हात वरच ठेवले.

टक्. टक्.

चटका बसल्यासारखा त्याने हात मागे घेतला. "हाताखाली लागलं..." एवढंच बोलला.

मग सावरला. "पत्रा तापलाय. तापला की वाजतो." तरुणपणची मीच जशी बोलत होते! "धर, थोडंच राहिलंय."

"नाय धरणार."

"आये, उद्या तपासणीला माणूस येतोय."

"येऊ दे. ठोके आले ना? मग काढ तो बोल्ट."

"पण कोणाचे ठोके? सांग ना, कोणाचे?"

तुम्हाला वाटेल, माझे वडील. पण बाबा इतके सभ्य नव्हते. त्यांच्या ठोक्याआधी शिवी यायची. आणि माझे दिवंगत यजमान म्हणाल तर ते होडीत पाय ठेवताच ओकायचे, त्यांना ही रीत कुठली ठाऊक!

तपासणी पुढे ढकलली. नितीनने चिडूनच ब्रॅकेट काढला, भिंगाखाली बघितला, लॅबला पाठवला. तडा नाही, काही नाही. रिपोर्ट एकदम क्लीन.

"बघ," तो म्हणाला.

"बघितलं. मग लाव परत."

तो ब्रॅकेट तळहातावर घेऊन उभाच राहिला. मग त्याने नवा मागवला.

नवा आवळताना मी डोळे मिटून घेतले होते. इतके कान देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. पान्याचा तेवढा आवाज आला. बाकी काही नाही.

पुढे विमान उडालं आणि नीट उतरलंही. पण त्यातून सिद्ध काय झालं? जुन्या ब्रॅकेटवरही उडालं असतं कदाचित. कदाचित नसतं. कोण ठोकत होतं आणि का, मला आजही सांगता येत नाही. खरं-खोटं करायचा एकच मार्ग होता — जुनाच ब्रॅकेट लावून उडायचं. पण त्या प्रयोगासाठी माझ्याकडे मुलगा एकच आहे.