थाळी वाजली तेव्हा

फटाक्यांच्या दारूचा वास आला की देऊळघाटच्या शेतातली आमची विहीर आठवते. एका उन्हाळ्यात ती खोल करायला तिच्यात सुरुंग लावायचे. वात पेटवण्याआधी वडील थाळी बडवायचे आणि आम्ही बांधाआड पळायचो, आमचा कुत्रा सगळ्यांत पुढं. पुढं भादव्यात महालक्ष्म्या घरात आणताना रिवाजाप्रमाणे काकूनं थाळी वाजवली, तसा तो सुसाट सुटला. ‘काऊन पळाला हा?’ वडील म्हणाले. गल्लीच्या टोकाला थांबून त्यानं मागं पाहिलं. आमच्यातलं कुणीच पळत नव्हतं. मग तो थरथरत परत आला आणि मुखवटा घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईचं लुगडं दातांत धरून तिला बाहेर ओढू लागला. ‘थाळी थांबवा,’ आई हळूच म्हणाली, ‘आपल्याले न्याले आला तो.’ आता कुणाचा कुत्रा घरातून पळाला असं ऐकलं की मी एवढंच विचारतो, त्यानं मागं वळून पाहिलं होतं का?